चिंचवलीकरचं हिब्रू

“चिंचवलीकरचं हिब्रू काय होईल रे?” मिल्कामावशीनं विचारलं.

मी जेवायला बसलो होतो. समोर आंबट वरण होतं आणि आई तव्यावरची भाकरी उलटत होती. मी म्हटलं, “कशासाठी पाहिजे, त्यावर आहे.”

आईला वाटलं मी पाहुण्या बाईची थट्टा करतोय. तिनं उलथन्याचा धाक दाखवला. पण मी खरं तेच सांगितलं होतं. इस्राएलमधल्या लोद गावात एका वकिलाच्या ऑफिसबाहेर माझं टेबल होतं आणि हिंदुस्थानातून आलेल्या आमच्या लोकांचे इंग्रजी कागद हिब्रूत करून देणं हा माझा धंदा होता. पासपोर्ट, शाळेचे दाखले, लग्नाचे कागद. त्यात सगळ्यात अडायचं ते आडनावाशी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले मराठी ज्यू. ज्याचं जे गाव त्याला ‘कर’ लावायचा की झालं आडनाव. ते आडनाव आधी बोटीच्या नाहीतर विमानाच्या कचेरीत इंग्रजीत जायचं आणि मग माझ्या टेबलावर यायचं. पासपोर्टासाठी पाहिजे असेल तर मी नुसता उच्चार उतरवायचो. फौजेत, सरकारी नोकरीत वरच्या जागेवर जाणाऱ्याला साहेब म्हणायचा, हिब्रू वाटेल असं काहीतरी घे, मग अर्थ शोधून द्यायचा. थडग्याच्या दगडावर पाहिजे असेल तर म्हातारी माणसं सांगायची, आमचं गाव तसंच राहू दे, वर मराठीतही लिही. एकाच माणसाची मी तीन कामांसाठी तीन आडनावं केलेली आहेत आणि तिन्हींचे पैसे घेतलेत.

“माणूस शोधायला पाहिजे,” मिल्कामावशी म्हणाली.

मग आईनं तवा उतरवला आणि आम्ही दोघं ऐकायला बसलो.

मिल्कामावशी आईच्या माहेरच्या शेजारगावची. नातं लांबचं, पण परदेशात लांबची नातीच आधी जवळ येतात. पंचाहत्तर सालची गोष्ट. ती महिन्याभरासाठी आमच्याकडे उतरली होती. छप्पन्न-सत्तावन्नची असेल. काळी, उंच, मनगटं पुरुषासारखी. ती मनगटं घाण्यानं केली होती. वडील आहारोन चिंचवलीकर तेलाचा घाणा चालवायचे. ते गेले तेव्हा ही लहानच होती. त्याआधी आई, दीनाबाई, धाकट्या पिन्हासला पाळण्यात टाकून गेली होती. मग मिल्कामावशीनं बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली आणि स्वतः घाण्यावर बसली. शनिवार आमचा विसाव्याचा वार, काम नाही, वाहन नाही, म्हणून शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. तेल विकून तिनं भावाला मुंबईत शिकवलं. तिचं लग्न उशिरा झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही.

पिन्हास एकोणीस वर्षांचा असताना इस्राएलला निघून आला. ती नको म्हणत होती तरी आला. वर्षभरानं त्याचं पत्र आलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मास्तर वाचून दाखवत होते. फौजेतल्या साहेबानं आडनाव बदलायला सांगितलं, मी नवीन आडनाव घेतलं आहे, इथपर्यंत मास्तर आले आणि हिनं त्यांना थांबवलं.

“पुढचं वाचूच दिलं नाय,” ती म्हणाली. “नवं नाव काय ते मी ऐकलं नाय. ऐकायचंच नव्हतं. पत्र चुलीत टाकलं आणि मास्तरांकडून उलट लिहून घेतलं. ज्यानं बापाचं गाव टाकलं, त्यानं माझ्या दारात पत्र टाकू नये.”

“मग?” आईनं विचारलं.

“मग काय. माझाच भाऊ तो. नाय टाकलं.”

हे ती अगदी सरळ आवाजात बोलली आणि भाकरीचा तुकडा मोडला. चोवीस वर्षं होऊन गेली होती त्याला. आता तिच्या गावातली आमची सगळी घरं रिकामी झाली होती, मागे ही एकटीच होती. भाऊ आहे की नाही एवढं बघायचं आणि परत जायचं, असा तिचा हिशोब होता. आहे असं कळलं तर एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा करीन असा नवस बोलली होती. त्यासाठी पोहे ती गावाहून घेऊन आली होती. इथेही पोहे मिळतात असं आईनं सांगितलं, तर म्हणाली, नवस तिथला आहे.

मला तेव्हा माझ्या कामाचा फार गर्व होता. कुठलाही ‘कर’ आणा, त्याचा हिब्रूत काय झाला असेल ते मी झोपेत सांगेन, असं मी पैजेवर म्हणायचो. मी लगेच कामाला लागलो. आवाजावरून गेला असेल तर चिंचवलीकरचं काय होईल? हिब्रूत ‘च’ धड नाही. कारकून त्याचा ‘त्स’ करतात आणि शेपूट कापून टाकतात. म्हणजे ‘त्सिन’ किंवा ‘त्सिनी’. अर्थावरून गेला असेल तर चिंच. चिंचेला हिब्रूत हिंदी खजूर म्हणतात, म्हणजे ‘तमार’ किंवा ‘तमारी’. आणि बापावरून गेला असेल तर सगळ्यात सोपं, ‘बेन आहारोन’. मिल्कामावशी हे सगळं मन लावून ऐकत होती. ‘त्सिनी’वर ती म्हणाली, “असलं नाव कुत्र्यालाही ठेवू नये.”

नोंदणी कचेरीत माझी ओळख होती. तिथे सगळी नावं बघून झाली. आधी मूळ चिंचवलीकर बघितलं, कुणी नव्हतं. पिन्हास तमारी निघाला तो तुर्कस्तानचा. पिन्हास बेन आहारोन दोन होते, एक ऐंशीचा आणि एक शाळेत जाणारा. मग मी दुसरी वाट धरली. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला बोलावतात ते आडनावानं नाही. तिथे माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावानं ओळखला जातो. सरकार काहीही लिहो, देवापुढे तो पिन्हास बेन आहारोनच, म्हणजे आहारोनचा पिन्हास. मी मिल्कामावशीला घेऊन अश्दोदला गेलो, बीरशेबाला गेलो, दिमोनाला गेलो. जिथे जिथे आपल्या लोकांचं सिनेगॉग आहे तिथल्या गबाईला, म्हणजे व्यवस्था बघणाऱ्याला विचारलं. सगळीकडे चहा मिळाला, लाडू मिळाले, गावची चौकशी झाली. पिन्हास मिळाला नाही.

बसमधून परत येताना ती खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा मला म्हणाली, “किती कोरडी जमीन आहे रे. इथे तीळ तरी होतो का?” मी म्हटलं, होतो. मला तिची दया येत होती आणि रागही येत होता. एवढं हट्टानं तोडायचं आणि मग मला दिमोनाच्या उन्हात फिरवायचं. पण ते तिला सांगायची माझी हिंमत नव्हती.

महिना संपत आला. मंगळवारचं विमान होतं. त्याआधीचा शनिवार. आमच्या लोदच्या सिनेगॉगमध्ये ती आईबरोबर आली. तिला सिनेगॉग म्हणायला जमत नसे, ती जुन्या लोकांसारखी मशीदच म्हणायची. बायका वर माडीवर, लाकडी जाळीमागे बसतात. आम्ही पुरुष खाली.

तोरा वाचून होत आला की आजाऱ्यांसाठी दुवा मागतात. ज्याच्या घरात कुणी आजारी असेल तो गबाईला नाव देऊन ठेवतो. इथे एक रीत वेगळी आहे. एरवी बापाचं नाव चालतं, पण आजारपणात आईचं नाव घेतात. अमका, अमकीचा मुलगा. का, ते मला नीट सांगता येणार नाही. आई म्हणते, बाप कोण हे जगाला ठाऊक, पण दुखणं कोणी काढलं ते आईला ठाऊक. आमचे गबाई सॅमसनकाका. ते नावं पाठ करून घडाघडा म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी सात-आठ नावं घेतली, आम्ही आमेन म्हटलं आणि मी पुढचं पान उलटलं.

बाहेर अंगणात बेदाण्याचं सरबत वाटत होते. मिल्कामावशी जिन्यावरून उतरली ती सरळ माझ्याकडे आली.

“आज माझं नाव कुणी घेतलं?”

मला कळेना. तिला हिब्रू येत नव्हतं, पण स्वतःचं नाव कुणालाही ऐकू येतं. मी तिला समजावलं की ती आजाऱ्यांची दुवा होती, कुणा आजारी माणसाच्या आईचं नाव मिल्का असणार. त्यात विशेष काही नाही, आमच्यात मिल्का पुष्कळ.

“आणि त्याचं नाव?”

मी आठवून बघितलं. “पिन्हास,” मी म्हणालो आणि पुढे लगेच म्हणालो, “पण मावशी, तुझा पिन्हास दीनाचा. हा मिल्काचा आहे.”

ती तिथेच पायरीवर बसली. सरबताचा पेला तिनं शेजारी ठेवला.

“शाळेत मास्तरांनी विचारलं होतं, आईचं नाव काय. त्यानं माझं सांगितलं. मास्तरांना ठाऊक होतं आमच्या घरचं. म्हणाले, खोटं बोलतोस. चार छड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, तर परत माझंच सांगितलं.”

मला ते खरं वाटेना. म्हणजे गोष्ट खरी वाटली, पण चाळिशी ओलांडलेला माणूस दवाखान्यातून देवाला खोटं नाव पाठवेल हे काही पटेना. तरी मी सॅमसनकाकांना गाठलं. ते म्हणाले, शुक्रवारी रामल्याहून एक मोरोक्कन बाई आली होती. नवऱ्याच्या पोटात गाठ आहे, सोमवारी सकाळी ऑपरेशन. ती दोन्ही गावांतल्या सगळ्या सिनेगॉगमध्ये नाव देत फिरत होती. नवरा तुमच्यातलाच आहे म्हणून इथे आले, असं म्हणाली. हॉस्पिटलही तिनं सांगितलं होतं.

रामला म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी दिमोनापर्यंत जाऊन आलो होतो. आपला माणूस आपल्याच सिनेगॉगमध्ये जात असणार हे मी धरून चाललो होतो. बायको मोरोक्कन केली तर तो तिच्या लोकांत जाऊन बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी म्हटलं, “मावशी, नाक्यावर अरबाची टॅक्सी असते. अर्ध्या तासात पोचू.”

“आज शनिवार आहे,” ती म्हणाली.

“आजाऱ्यासाठी चालतं.”

“त्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. आज फक्त मला घाई आहे. माझ्या घाईसाठी नाय चालत.”

मुसळधार पावसात गिऱ्हाईक दारात उभं असताना जिनं शनिवारी घाण्याला हात लावला नाही, तिला मी काय सांगणार? संध्याकाळ होईपर्यंत ती आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसून राहिली. जेवली नाही. आभाळात तीन तारे दिसले की शनिवार संपतो. तिसरा तारा तिनं माझ्याआधी पाहिला आणि पिशवी उचलली. ती पिशवी दुपारपासून भरून ठेवलेली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक ठेंगणी बाई बाकावर बसली होती, डोक्याला रुमाल बांधलेली. पिन्हासची बायको, सिमी. मी कोण काय ते सांगायला सुरुवात केली आणि ‘मिल्का’ म्हटलं मात्र, ती उठून उभी राहिली. तिनं मावशीचे दोन्ही हात धरले, त्यांची चुंबनं घेतली आणि हिब्रूत काहीतरी विचारलं. मावशीनं माझ्याकडे बघितलं.

“राग गेला का, विचारतेय.”

“हिला काय ठाऊक?”

मी सिमीला विचारलं. ती म्हणाली की पिन्हासनं लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं, माझी आई मिल्का, ती हिंदुस्थानात असते, माझ्यावर रागावली आहे, म्हणून पत्र येत नाही. दर योम किप्पूरला, माफी मागायच्या उपासाच्या दिवशी, तो म्हणतो, या वर्षी जाऊन पाय धरीन, आणि जात नाही, घाबरतो. मी हे सगळं जसंच्या तसं मराठीत सांगितलं. मावशीनं पदर तोंडाला लावला.

“आई म्हणाली ती?”

“तिचा गैरसमज झालाय.”

“राहू दे. आधी मला आत ने.”

खाटेवर एक बारीक, पिवळा पडलेला माणूस उशीला टेकून बसला होता. दारातून आत येणाऱ्या बाईकडे तो नुसता बघत राहिला. मग मराठीत म्हणाला, आणि त्याचं मराठी चोवीस वर्षांपूर्वीच्या पोराचं होतं, “बाय, तू विमानात बसलीस?”

“तू बसलास, मी नाय बसणार?”

कोकणात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. ती रडली नाही, तो रडला. तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि हात तिथेच राहू दिला. मग म्हणाली, “आता सांग. काय नाव घेतलंस?”

खाटेच्या पायाशी पाटी लावलेली होती. आत शिरताशिरता मी ती वाचली होती. माझ्या त्सिनी, तमारी, बेन आहारोनपैकी तिथे काही नव्हतं.

“शेमेन,” पिन्हास म्हणाला.

“म्हणजे?”

“तेल.”

ती सरळ उभी राहिली. तो घाईघाईनं सांगू लागला. साहेबानं चिंचवलीकर उलटसुलट वाचून बघितलं, त्याला म्हणता येईना. तो म्हणाला, या नावाचा अर्थ काय? हा म्हणाला, गाव आहे. साहेब म्हणाला, गाव लांब राहिलं, तुझ्या घरातलं काहीतरी सांग. घरात काय होतं? घाणा होता. “मी पत्रात लिहिलं होतं, बाय. सगळं लिहिलं होतं.”

मला वाटलं आता ही पुन्हा काहीतरी तोडून बोलणार आणि आम्ही आल्या वाटेनं जाणार. पण तिच्या तोंडून हसू फुटलं.

“शनवार तेली म्हणाले की रडत घरी यायचास तू. शाळेत जाणार नाय म्हणून माळ्यावर चढून बसायचास. आणि चांगली मुभा मिळाली तर तेच घेतलंस?”

“रडायचो. पण तेल तू काढायचीस.”

तिनं पिशवीत हात घातला, खोबरेल तेलाची बाटली काढली आणि म्हणाली, “केस बघ कसे झालेत, काथ्यासारखे.” मग ती त्याच्या डोक्याला तेल चोळायला लागली. नर्सनं येऊन काहीतरी सुनावलं. मी ते भाषांतर करून सांगितलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी आणि सिमी थांबलो होतो. माझी जीभ मला स्वस्थ बसू देईना. आयुष्यभर नावं बरोबर लावायचा धंदा. मी सिमीला म्हटलं, ही त्याची आई नाही, थोरली बहीण आहे. आईचं नाव दीना. ती तो पाळण्यात असतानाच वारली.

सिमीचा चेहरा उतरला. मला आधी वाटलं, नवऱ्यानं फसवलं म्हणून. तसं नव्हतं. ती म्हणाली, मग मी दोन गावांत जी दुवा मागवली ती कुणासाठी गेली? मिल्काचा मुलगा पिन्हास असा माणूसच नाही. चुकीच्या नावानं टाकलेला अर्ज सरकारसुद्धा परत करतं. परवा त्याचं पोट फाडणार आहेत आणि देवाकडे त्याचं नावच पोचलेलं नाही. ती माझी बाही धरून विनवू लागली की नाव दुरुस्त करून दे.

रविवारी तोरा वाचत नाहीत. सोमवारी पहाटे वाचतात. म्हणजे ऑपरेशनआधी एकच संधी होती. मी रविवारी सॅमसनकाकांच्या घरी गेलो आणि नाव बदलून दिलं. पिन्हास बेन दीना. काका म्हणाले, बरं झालं सांगितलंस, अशा गोष्टीत चूक नको. मलाही तसंच वाटत होतं.

मावशी रविवारभर हॉस्पिटलात बसून होती. विमानाचं तिकीट मी पुढे ढकलून आलो. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिनं मला विचारलं, सिमी सारखी दीना दीना म्हणत होती, ते काय? मी सांगितलं. चुकीचं नाव गेलं होतं, आता बरोबर केलंय. तिनं सगळं ऐकून घेतलं. एका नावावरून जिनं चोवीस वर्षं भाऊ टाकला, ती नावाच्या चुकीवर काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, “उद्या मीपण येते मशिदीत.”

सोमवारी पहाटे बायका येत नाहीत. वर माडीवर ती एकटीच होती, जाळीमागे तिची पांढरी साडी तेवढी दिसत होती. खाली आम्ही पंधरा-वीस पुरुष, कामावर जायच्या घाईत. तोरा वाचून झाला. सॅमसनकाका पुढे आले आणि दुवा म्हणू लागले. दोन नावं झाली. मग, “पिन्हास बेन दी—”

“थांब,” वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. आमच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेच्या मध्ये बाई बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. काका चष्म्यावरून बघू लागले.

“मिल्का म्हण,” ती म्हणाली. “शनिवारी म्हणालास तेच म्हण.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खालून म्हणालो, “मावशी, ते चुकीचं होतं. त्याची आई दीना.”

“दीना माझी आई,” ती जाळीमागून म्हणाली. “तिला त्याच्यासाठी काय मागायचं ते ती तिकडे मागतेच आहे. इथे त्याला विचारलं तेव्हा त्यानं माझं नाव दिलंय. मी एकदा त्याचं दिलेलं नाव ऐकून घेतलं नाय. आता ऐकते आहे.”

सॅमसनकाका धर्माचे कडक होते. कुणी एक शब्द गाळला तर ते मागे जाऊन पुन्हा म्हणायला लावत. त्यांनी रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि स्वच्छ आवाजात पहिल्यापासून म्हणाले, “पिन्हास बेन मिल्का.”

आम्ही आमेन म्हटलं. वरून एकटीचं आमेन आमच्या सगळ्यांच्या नंतर आलं.

ऑपरेशन दुपारपर्यंत चाललं. सिमी, मावशी आणि मी त्याच बाकावर बसलो होतो. सिमीला मी सकाळची गोष्ट सांगितली नव्हती. तिला वाटत होतं की नाव दुरुस्त झालंय, आणि ती त्या भरवशावर शांत होती. मावशी नवसाच्या पोह्यांतले खडे वेचत होती. ती पोह्यांची पिशवी इथेही घेऊन आली होती.

पिन्हास वाचला. गाठ काढली आणि ती वाईट नव्हती. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, त्याच्या नातवंडांचे कागदही माझ्या टेबलावरून गेले. पण मला आठवतो तो त्या दुपारचा प्रसंग. गुंगी उतरत होती आणि तो खाटेवर बडबडत होता. एकटी सिमी आत होती, डॉक्टरनं एकालाच सोडलं होतं. ती दाराशी आली आणि तिनं मला खुणेनं बोलावलं. नवरा काहीतरी बोलतोय, सारखा तोच एक शब्द, मराठीत, मला कळत नाही. दुखतंय का त्याला? पाणी मागतोय का?

मी आत डोकावलो. डोळे मिटलेलेच होते. ओठ कोरडे. “बाय,” तो म्हणत होता. “बाय. बाय गो.”

मावशी बाहेर बाकावर पोहे निवडत बसली होती.

“काय म्हणतोय?” सिमीनं विचारलं.

बायचं हिब्रू मला पक्कं ठाऊक होतं. थोरली बहीण. त्याला तीन शब्द आहेत, पासपोर्टाला एक, कोर्टाला एक, घरात एक.

“आई म्हणतोय,” मी म्हणालो. “तिला आत पाठव.”